खाली उतरलेल्याने बोलत राहावे

शनिवार, ता. १६ मार्च १९३५. सकाळचे पावणेसहा. निरवांगी.

तात्या,

परवा दुपारी तुम्ही गेलात. संध्याकाळी नीरेच्या वाळूत तुम्हाला अग्नी दिला. पात्रात पाणी नव्हते. विधीची घागर तुमच्या मुलाला, नामदेवाला, वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीने भरावी लागली. ती भरेपर्यंत सगळे उभे होते. फाल्गुनात झिरा इतका खोल गेलेला मी या गावी आल्यापासून पाहिलेला नाही. खांदेकरी परतताना पाण्याविषयीच कुजबुजत होते, तुमच्याविषयी नव्हे.

तुम्हाला वाचता येत नव्हते. तेव्हा हे दुसरा कोणी वाचील, असे धरून चाललो आहे, आणि त्याला कळावे म्हणून तुम्हाला पुरेपूर ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगणार आहे. ते सहन करावे. तुमचे वय, जमीन, नातवंडे यांचा तपशील देत नाही. तो तलाठ्याकडे आहे.

आज साडेसातला शाळा भरेल. मी तिथला हेडमास्तर होतो. आता पेन्शनीत आहे, पण शनिवारी जातो. काल पाटलांचा निरोप आला, की शनिवारी म्हाताऱ्यांनी पोरांपुढे बोलण्याचा प्रकार बंद व्हावा. तो प्रकार मी सुरू केला आणि तुम्ही चालवलात. मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याआधी आपला एक वाद शिल्लक आहे.

कालव्याकडच्या बागाईत गावांतून आता पोरांना पेव म्हणजे काय ते समजावावे लागते. तिकडे ऊस आला, बारामतीच्या पेठेत गूळ विकून ज्वारी विकत आणण्याची रीत पडली, आणि अंगणाखालची पेवे बुजली. आपले गाव जिरायत. आपल्याकडे ती राहिली. गावठाणातल्या पांढरीच्या कोरड्या जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचे अस्तर आणि ज्वारी, तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढे, वर दगड आणि माती. धान्य वर्षानुवर्षे टिकते, पण आत वाफ धरते. ती दिसत नाही. दगड काढल्याबरोबर जो उतरतो तो आपल्या पायांनी वर येत नाही. म्हणून पेव आधी वाऱ्यावर उघडे ठेवावे, मग दोरीने पेटता कंदील सोडावा, आणि तो विझला तर त्या दिवशी कोणी उतरू नये. एवढे सगळ्यांना ठाऊक होते.

गावातली पेवे उघडण्याचे काम तुमच्या घराण्याकडे होते, आणि तुमच्या घराण्यात एक नियम अधिक होता. खाली उतरलेल्याने सारखे बोलत राहावे. काय बोलावे याला बंधन नाही. वरच्यांनी दोर हातात धरून ऐकावे. आवाज थांबला तर हाका मारू नयेत, विचारपूस करू नये. दोर ओढावा.

तुम्हाला पहिल्यांदा मी पाटलांच्या पेवात उतरताना पाहिले. खालून तुम्ही पाटलांच्या जावयाची यथास्थित नालस्ती चालवली होती. अर्धे गाव पेवाभोवती उभे राहून ऐकत होते.

पाटील वरून म्हणाले, "आता पुरे की, तात्या."

"पुरे म्हनू नगा, पाटील," तुम्ही खालून म्हणालात. "पुरे झालं तर वढावं लागंल मला. आन अजून जावयाच्या बापाकडं मी आलोच न्हाय."

मी त्या दिवशी हसलो नाही. घरी येऊन हसलो.

तुमची मंडळी वारली आणि तुम्ही बोलेनासे झालात. पेवेही दिवसेंदिवस कमी होत होती. कोणी बोलावीत नव्हते. तुम्ही सोप्यात भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागलात. एके सकाळी यसू, तुमची सून, शाळेच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. वर ये म्हटले तरी आली नाही.

"गुर्जी, मामंजी बोलंना झाल्यात."

"काही दुखते आहे का?"

"न्हाय. भाकरी दिली तर घासभर खात्यात, आन सरकवत्यात. पर बोलत न्हाईत." मग ती खाली पाहून म्हणाली, "आमच्या घरात कुनी बोलायचं थांबलं की आमाला भ्या वाटतं, गुर्जी."

तिला काय म्हणायचे होते ते मला समजले. दोर ओढायची वेळ झाली होती, आणि ओढायचा कसा हे तिला कळत नव्हते. मलाही कळत नव्हते. मी एवढेच म्हणालो, "शनिवारी त्यांना शाळेत पाठव. पोरांना कान देऊन ऐकण्याची सवय लावायची आहे. मला माणूस हवा आहे." मी तुमच्यावर उपकार करतो आहे असे तुम्हाला वाटले असते तर तुम्ही आला नसता. तुम्ही आलात ते माझी अडचण भागवायला.

पहिल्या शनिवारी तुम्ही पाटावर बसलात आणि बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिलात. पोरे चुळबुळ करू लागली. मी घंटा द्यायच्या बेतात होतो. इतक्यात पाटलांची नात, चिंगी, तिने विचारले, "तात्या, पेवात भूत असतंय का वं?"

"असतंय की," तुम्ही म्हणालात. "पर मास्तरापरीस बरं असतंय. छडी न्हाय त्येच्याकडं."

सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी छडी टेबलाच्या खणात ठेवली. त्यानंतर घंटेपर्यंत तुम्ही बोलायचे थांबला नाहीत.

गणपतीपर्यंत तुम्ही शुक्रवारीच हजामत करून घेऊ लागलात. यसूने सांगितले की दीड भाकरी जाते आणि मिठावरून भांडतात. पारू कुंभारीण कोणी न बोलावता येऊ लागली. तिला गाढवांवाचून दुसरा विषय नव्हता आणि तुमचा प्रत्येक शब्द खोडायचा असे. ती एकदा म्हणाली, "तात्या, तुमी जल्मात पेवाबिगर काय बगितलं न्हाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "बगितलं की. तुज्या बापाचं गाढव बगितलं. तुज्याहून कमी वरडायचं." पोरे हसून लोळली आणि पारू सगळ्यांत जास्त हसली. त्या दिवसांत मी गावातून जाताना ओट्याओट्यावर पोरे म्हाताऱ्यांना काहीतरी विचारीत बसलेली दिसत. म्हातारे चिडल्यासारखे करीत आणि उत्तरे देत. ज्यांची पाठ वाकली होती त्यांची पाठ मी सरळ केली नाही. पण ते दारात बसू लागले. हे तुमचे काम होते. तुम्हाला तसे सांगितले असते तर तुम्ही काहीतरी चावट बोलला असता, म्हणून सांगितले नाही.

मग हस्त कोरडा गेला.

पेरलेले वर आले ते दोन पानांवर थांबले. थंडीत विहिरी आटल्या. संक्रांतीनंतर लोक गुरे बाजारात नेऊ लागले आणि तशीच परत आणू लागले. गावातले बोलणे कमी झाले. त्याच सुमाराला एका शनिवारी तुम्ही पोरांपुढे धाता सालच्या, १८७६च्या दुष्काळाचे नाव घेतलेत.

आपल्या गावात ते नाव घेत नाहीत. 'ते साल' म्हणतात, आणि तेही दिवा लागल्यावर म्हणत नाहीत. तुम्ही ते भर सकाळी घेतलेत, वर पोरांकडून म्हणवून घेतलेत, आणि त्या साली माणसांनी कोणती मुळे खाल्ली, कोणती खाऊन मेली, ते सांगितलेत. पारू त्या दिवशी मध्ये बोलली नाही. पोरे गेल्यावर आपण दोघे ओट्यावर राहिलो.

"हे पोरांना सांगू नका," मी म्हणालो.

"का?"

"भीती बसेल."

"बसू द्या की. भीती कामाची असती, मास्तर. ज्येला भ्या न्हाय त्यो दगड काडल्या काडल्या उतरतो."

"ती आठ-दहा वर्षांची मुले आहेत."

"मी नऊ वर्साचा हुतो."

आणि मग मला एकट्याला तुम्ही ते सांगितलेत. तुमचे वडील खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले होते. घरात आई, थोरला भाऊ सावळा आणि तुम्ही. एक पेव उरले होते आणि ते उघडायला वडिलांची वाट पाहण्याइतका धीर कोणात नव्हता. कंदिलात घालायला घरात तेल नव्हते. सावळा उतरला. तो नियमाप्रमाणे बोलत होता. वर दोर धरायला तुम्ही आणि आई होता. तो बोलायचा थांबला तेव्हा तुम्ही दोघांनी ओढले, आणि तो आला नाही. तुमच्या हातांत तेवढे बळ राहिले नव्हते. माणसे जमून त्याला वर काढीपर्यंत उशीर झाला होता. तो ज्वारीवर पालथा पडला होता.

"ती ज्वारी आमी खाल्ली, मास्तर," तुम्ही म्हणालात. "आईनं धुतली, दळली, आन मला भरवली. पयला घास मी घेईना, तर तिनं थोबाडीत दिली. त्या ज्वारीवर मी जगलोय."

मी म्हणालो, "हे शाळेत बोलायचे नाही."

"मग पोरांनी इचारलं, तात्या तुमी वाचला कसं, तर काय सांगू?"

"सांगा, देवाने वाचवले."

तुम्ही पागोटे डोक्यावर ठेवलेत. "मास्तर, तुमी शाळा शिकवता. खोटं तुमीच शिकवा." आणि दोन शनिवार आला नाहीत.

तिसऱ्या शनिवारी आलात. तह असा झाला की दुष्काळ सांगावा, सावळा सांगू नये. तो तह तुम्हाला पटला नव्हता हे मला माहीत होते. मला तो पटला होता, आणि का, हे आज लिहून ठेवतो. त्या साली मीही नऊ वर्षांचाच होतो. मोरगावी माझ्या वडिलांच्या घरी सगळे वर्षभर चूल पेटत होती. दाराची कडी लावून आम्ही जेवत होतो. बाहेरून हाका येत. आई आम्हाला ताटाकडे पाहायला सांगे. पोरांना भीती सांगू नये हे मी त्या बंद दारामागे शिकलो. हे तुम्हाला सांगावेसे दोनदा मनात आले होते. सांगितले नाही.

सावळा गेला तेच तुमचे पेव पाच वर्षांपूर्वी पुन्हा भरलेले होते. घरातले पीठ संपत आले तेव्हा तुम्ही ते उघडायचे ठरवलेत आणि पोरांना दाखवायचे म्हणालात. पाटील स्वतः सांगायला आले होते, की फाल्गुनात पेव उघडणे म्हणजे त्या सालाला आवतण देणे. निदान पोरे तरी नकोत. तुम्ही म्हणालात, "पाटील, आवतण न देता येणारा पावना हाय त्यो." नव्या मास्तरांना विचारून मी परवानगी दिली. तुमच्याऐवजी नामदेवाने उतरावे असे मी सुचवले. तुम्ही ऐकले नाहीत आणि मी जास्त आग्रह केला नाही. केला असता तरी तुम्ही उतरला असता.

गेल्या शनिवारी दगड काढला. अंगणभर आंबूस वास सुटला आणि शेजारच्या शेळ्या दावी ताणू लागल्या. रविवारी कंदील विझला. सोमवारी तेवत राहिला. तेव्हा दोर कमरेला बांधून, उतरण्यापूर्वी, तुम्ही नामदेवाला बाजूला सारलेत आणि दोराला सगळ्या वर्गाचे हात लावलेत. चिंगीपासून थोरल्या मुलांपर्यंत. नामदेव शेवटी. "आवाज थांबला की काय करायचं?" तुम्ही विचारलेत. "वढायचं," पोरे म्हणाली. "हाक मारायची?" "न्हाय."

तुम्ही खालून पारूच्या गाढवांवर बोलू लागलात. टोपल्या भरून वर येत होत्या. मधली ज्वारी चांगली निघाली. कडेची काळी पडली होती. बऱ्याच टोपल्या आल्यावर तुम्ही बोलता बोलता विचारलेत, "मास्तर, दोर कुनाच्या हातात हाय?"

"पोरांच्या."

"मंग आता तुमी गप बसा."

आणि तह मोडलात. जमिनीतून येणारा तुमचा आवाज निराळा होता. त्यात थट्टा नव्हती. सावळ्याचे नाव घेतलेत. तेल नव्हते ते सांगितलेत. "मी आन आई वर हुतो. दोर आमच्या हातात हुता, आता तुमच्या हातात हाय तसा. भाऊ खालनं बोलत हुता. मला म्हनला, गेन्या, हितं कडंला लई ज्वारी हाय. म्हनला, गेन्या..."

तुम्ही सावळा गेला त्या कडेला सरकला होता का, ते मला ठाऊक नाही. काळी ज्वारी तुमच्या पायांनी उकरली गेली असावी आणि तिच्याखाली वाफ धरलेली असावी. मला वाटले, तुम्ही आवंढा गिळता आहात. नामदेवालाही तसेच वाटले असेल. तो वाकून "आबा, आबा" म्हणू लागला. पोरांनी हाक मारली नाही. पोरे ओढू लागली होती. आम्ही दोघे मोठी माणसे दोराला भिडलो तेव्हा तुम्ही अर्ध्यावर आला होता.

तुमचे ओठ निळे होते. श्वास चालू होता. घोंगडीवर निजवल्यावर तुम्ही डोळे उघडलेत आणि पोरांकडे, एकेकाकडे, पाहिलेत. मी ते मोजमाप ओळखतो. हजेरी घेताना मीही तसाच पाहत असे.

इंदापूरचा डॉक्टर छाती तपासून म्हणाला, हृदय थकले आहे. तीन दिवस तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. यसूने तुमचे अंथरूण भिंतीपासून ओढून अंगणाच्या बाजूला घेतले आणि ती दिवसभर तुमच्याशी काहीबाही बोलत राहिली. गुरुवारी दुपारी ती पाणी आणायला उठली, तेवढ्यात तुम्ही गेलात.

आता गाव म्हणते, त्यांनी त्या सालाचे नाव घेतले आणि ते साल पेवातून त्यांच्यामागे वर आले. पेव अजून उघडेच आहे. बुजवायला कोणी हात लावीत नाही आणि झाकायलाही लावीत नाही. काल यसूने कंदील सोडून पाहिला. विझला. तुम्ही वर पाठवलेली ज्वारी अंगणात पसरलेली आहे. ती माणूस घेणाऱ्या पेवाची म्हणून शेजारपाजार तिकडे पाहत नाही, आणि नामदेव ती परत खाली लोटून वर माती घालायच्या गोष्टी करतो. त्याच्या घरात आठ दिवसांचेही पीठ नाही.

सात वाजून गेले. शाळेत जाऊन येतो.

दुपार.

शाळेत पोरे जागेवर बसलेली होती. होळी तोंडावर आहे. एरवी या दिवसांत गोवऱ्या चोरण्याच्या कारस्थानांनी वर्ग गजबजलेला असतो. आज नवे मास्तर मला हळूच म्हणाले, आल्यापासून कोणी बोललेले नाही. तुमचा पाट नेहमीच्या जागी कोणी मांडला होता, ते विचारले नाही. पारू आली होती आणि दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

पाटील माझ्या मागोमाग आले. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "गुर्जी, माजा निरोप पोचला का?"

"पोचला."

"त्यांनी नाव घेतलं आन साल दारात आलं. आता पुरं करा."

"हस्त कोरडा गेला तो ऑक्टोबरात, पाटील. तात्यांनी नाव घेतले संक्रांतीनंतर."

"तुमी हिशेबानं बोलता. मी घरातलं बोलतो." त्यांचा आवाज खाली आला. "चिंगी जेवाया बसली की भाकरीचा तुकडा परकराच्या ओच्यात बांधती. उशाखाली घिऊन निजती. इचारलं तर म्हनती, वर वढायला बळ लागतं. आठ वर्साची पोर हाय, गुर्जी."

मी तुम्हाला हेच म्हणत आलो होतो, तात्या. मी बरोबर होतो. वर्गातली चिंगी खाली पाहत होती आणि तिची मूठ ओच्यावर होती. पाटलांच्या म्हणण्याप्रमाणे वागणे एवढेच मला करायचे होते, आणि ते सोपे होते.

मग तिनेच वर पाहिले. "गुर्जी, त्यो काय म्हनला?"

"कोण?"

"सावळा. 'गेन्या' म्हनला, आन फुडं काय म्हनला?"

सगळ्यांनी माना वर केल्या. त्यांना पाच दिवस हेच विचारायचे होते. अर्ध्यावर तुटलेली ती हाक घरोघर त्यांच्याबरोबर जेवायला बसत होती. तेव्हा मला दिसले की तह पाळण्याची वेळ गेली होती. न सांगणे आता माझ्या हातात नव्हते. हातात होते ते अर्धे सांगून सोडणे किंवा पुरे करणे.

मी पाटावर बसलो नाही. उभ्यानेच, दाराकडे न पाहता सांगितले. तो पुढे काय म्हणाला ते तात्यांनाही ऐकू आले नाही, कारण तो पुढे बोलला नाही. त्याला ओढायला दोनच माणसे होती, एक बाई आणि एक नऊ वर्षांचे पोर, आणि दोघेही उपाशी होती. तो मेला. तो ज्या ज्वारीवर पडला होता ती त्याच्या आईने धुतली, दळली आणि धाकट्याला खायला घातली. धाकटा खात नव्हता. तिने त्याला मारले आणि खायला घातले. म्हणून तो जगला. पुढे सगळा जन्म त्याने या गावची पेवे उघडली आणि त्याच्या हाती दोर असताना आत कोणी मेले नाही. एवढे बोलून मी थांबलो. माझ्या आयुष्यात वर्गापुढे मी इतके वाईट बोललेलो नाही. शब्द एकामागून एक दगडासारखे पडत होते.

मला पाटलांच्या श्वासाचा आवाज येत होता.

चिंगी म्हणाली, "दोघंच हुती."

"होय."

"आमी लई हुतो."

"होय. तुम्ही पुष्कळ होता."

ती शेजारणीला म्हणाली, मला नव्हे, "म्हनून तात्या वर आलं." शेजारीण म्हणाली, "माझ्या हाताची सालटी निघाली हुती." "माझी बी." आणि पाच दिवसांत प्रथमच वर्गात गलका झाला. हात पुढे करून एकमेकांना दाखवणे सुरू झाले. दाराशी पारू पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "माज्या गाढवांची बदनामी करीत गेलं मेलं म्हातारं." कोणी हसले नाही, पण दोन-तीन पोरे तिच्याकडे सरकली.

मी दाराकडे वळलो. पाटील नातीकडे पाहत होते. त्यांनी ना होकार दिला ना नकार. "फुडल्या शनिवारी कोन बोलनार हाय?" एवढे विचारले.

"पारू. नाहीतर मी."

"तुमी?" पाटील म्हणाले. आणि पागोटे सारखे करून गेले.

तेव्हा वाद असा राहिला, तात्या. भाकरीचा तुकडा चिंगीच्या ओच्यातच होता; घरी जाताना मी पाहिले. तुम्ही सांगितलेत ते चूक होते असे मला अजूनही काही वेळा वाटेल, आणि ते बिनचूक पोरांच्या हातांत उतरले हेही मी पाहिले आहे. दोन्ही एकत्र कसे मांडावे ते मला येत नाही. तुम्ही असता तर खोडून काढले असते आणि वर मला एखादे नाव ठेवले असते. मोरगावच्या बंद दाराविषयी पुढच्या शनिवारी मी बोलेन किंवा बोलणार नाही. बोललो तर ते तुम्हाला सांगायचे राहिले म्हणून.

शाळेतून मी परस्पर तुमच्या घरी गेलो. ऊन चढले होते आणि अंगणात एक घार पेवाच्या उघड्या तोंडावरून खाली उतरून पुन्हा वर जात होती. नामदेव फावडे घेऊन बसला होता. यसू दारात आली. मी रिकामी पिशवी पुढे केली.

"यातली ज्वारी घाल. चांगली, मधली."

ती मागे सरली. "सुतक हाय, गुर्जी. सुतकातलं घेत्यात व्हय?"

"ज्वारी सोमवारी वर आली. सुतक गुरुवारी लागले."

तिने नामदेवाकडे पाहिले. नामदेवाने फावडे भिंतीला टेकवले, उठला, आणि स्वतः दोन्ही हातांनी पिशवी भरू लागला. पेवावर दगड सरकवायला मी त्याला हात दिला. दगड सरकताना आतून काही आवाज आला नाही. दगड जड होता. मी आता वयाने या कामाचा राहिलेलो नाही.

घरी आल्यावर ज्वारी सुपात घेऊन निवडली. काळे दाणे निघाले ते वेगळे केले. उरलेली दोन पाण्यांतून धुतली आणि धोतरावर पसरली. ती वाळेपर्यंत जाते पुसून घेतले. खुंटा सैल झाला होता, तो ठोकून बसवला.